दुरुस्तीला गेलेला योसेफ

"त्यांना मारून टाका, काका," मी म्हणालो. "साधा हार्ट अटॅक. मूर्ती रंगवता रंगवता बसल्या जागी गेले म्हणायचं."

काका गव्हाणीतल्या गायीच्या शिंगांवरची वर्षभराची धूळ फुंकत होते. ते थांबले. "कोणाला? घोटवडेकरांना?"

"मग काय गायीला?"

"अरे, चौदा वर्षांची ओळख आहे," काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखरच उतरला.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. पुण्याच्या कसबा पेठेतले मूर्तिकार घोटवडेकर हे या जगात कधी नव्हतेच. ते काकांनी एका डिसेंबरात, आईने प्रश्न विचारल्यावर, दोन श्वासांच्या मधल्या वेळात निर्माण केले होते. पण तेव्हापासून ते आमच्या घरात इतके रुळले होते, की मी त्यांना मारायला सांगितलं तेव्हा मलाही जरा अपराध्यासारखं वाटलं.

काका म्हणजे नथानिएल उजागरे, आईचे दुसरे यजमान. माझे वडील शांतवन रणभिसे मी तीन वर्षांचा असताना काविळीने गेले. माझ्या पाचव्या वर्षी आईने उजागऱ्यांशी लग्न केलं. त्यांना काय म्हणायचं हे मला कोणी शिकवलं नाही, म्हणून मी शेजारच्या मुलांसारखं काका म्हणालो आणि तेच राहिलं. ते आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. दिवसभर माइकपुढे बसून, गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे, असं ते इतक्या शांतपणे सांगत, की लोक विश्वास ठेवून पुन्हा शेंगा सोलायला लागत. घरीही त्यांचा आवाज तोच असायचा.

आमची गव्हाणी वडिलांनी आणलेली होती. मुंबईला रेल्वेत असताना पहिल्या नाताळाला त्यांनी तो प्लास्टरचा संच घेतला. मरिया, तिचा नवरा योसेफ, बाळ येशू, तीन ज्ञानी लोक, दोन मेंढरं आणि गाय. आईने तो प्रत्येक नग वर्तमानपत्रात गुंडाळून, पत्र्याच्या ट्रंकेत जपला होता. बाकी सजावट आमची घरचीच असायची. तेलाच्या डब्यात रोवलेली सुरूची फांदी, कामट्यांना पतंगी कागद लावून केलेली चांदणी, आणि काकांनी स्टँडवरून जमवलेल्या रंगीत तिकिटांच्या माळा. नगर पाच रुपये, कोपरगाव चार रुपये, असं छापलेल्या माळांखाली आमचा तारणारा जन्माला यायचा.

फक्त योसेफाच्या जागी एक मावळा उभा होता.

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडतात तसला मातीचा मावळा. डोक्याला पागोटं, झुपकेदार मिशा, एका हातात ढाल, दुसऱ्या हातात उपसलेली तलवार. तो गेली चौदा वर्षं मरियेच्या शेजारी उभा राहून बाळाकडे डोळे वटारून बघत होता.

हे कसं झालं ते घरात मला आणि काकांनाच ठाऊक होतं. मी पाच वर्षांचा असताना, त्यांच्या आमच्या घरातल्या पहिल्याच नाताळात, गव्हाणी मांडताना काका योसेफावर बसले. योसेफाचे तुकडे झाले. "मी बसलो रे त्याच्यावर. आईला सांगू नकोस हं," असं काका मला म्हणाले. ते वाक्य मला पाठ होतं. मग त्यांनी मला सायकलच्या नळीवर बसवून कुंभारवाड्यात नेलं. दिवाळी उलटून महिना झाला होता, न खपलेली चार चित्रं उरली होती. एक भाजीवाली, एक वाघ, एक डोकं नसलेला तुतारीवाला आणि हा मावळा. मावळा मी निवडला. संध्याकाळी आईने विचारलं, योसेफ कुठे आहे, आणि काका म्हणाले, "त्याचा रंग उडाला होता. पुण्याच्या गाडीने दुरुस्तीला पाठवलाय. घोटवडेकर म्हणून आहेत. तोवर हा बदली कामगार."

त्यानंतर दर डिसेंबरला घोटवडेकरांवर काही ना काही आपत्ती कोसळे. एका वर्षी हात मोडला. एका वर्षी मुलीचं लग्न निघालं. एकदा मोतीबिंदू झाला, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या डोळ्यातही झाला. आई बिचारी हळहळायची. ती दरवर्षी नाताळाच्या फराळातला एक डबा त्यांच्यासाठी काढून ठेवायची, आणि काका तो पुण्याच्या गाडीने पाठवतो म्हणून घेऊन जायचे. मग कंट्रोल रूमचं दार लावून आम्ही दोघं त्या करंज्या खायचो. घोटवडेकरांच्या मुलीला दिवस गेले तेव्हा आईने डिंकाचे लाडू दिले. नातू झाला तेव्हा तिने लाल लोकरीचा स्वेटर विणला. तो काकांनी एका कंडक्टरच्या मुलाला दिला, आणि मग ते पोर आईला रस्त्यात दिसू नये म्हणून दोन वर्षं काकांच्या जिवाला घोर लागला.

आणि मी? मी या गुपिताची शेती केली. बाराव्या वर्षी सायकल घेतली. दहावीत सिनेमाला जायची परवानगी काढली. विज्ञान नको, कॉमर्स हवं, हे आईपुढे काकांकडून वदवून घेतलं. तोंडाने धमकी द्यावी लागत नसे. जेवताना नुसतं म्हणायचं, "काका, योसेफाचं काय झालं हो?" की काम होई.

तर त्या अठ्ठ्याऐंशी सालच्या डिसेंबरात मार्था आत्याचं पत्र आलं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, मिरजेकडे मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. आईच्या दुसऱ्या लग्नाला तिचा विरोध होता आणि तिने तो कधी लपवला नाही. पत्रात लिहिलं होतं, "यंदा नाताळ तुमच्याकडे. शांतवनने ती गव्हाणी घेतली तेव्हा मी त्याच्याबरोबर दुकानात होते. योसेफ अजून आला नाही असं प्रमिलाच्या पत्रांवरून कळतं. मी परतताना पुण्याला उतरून घोटवडेकरांना स्वतः जाब विचारणार आहे. पत्ता तयार ठेवावा. माझ्या भावाची वस्तू सांभाळणं होत नसेल, तर सगळा संच मी घेऊन जाईन."

"तिला कळलं तर ती प्रमिलाला काय सांगेल, ठाऊक आहे?" काका गाय खाली ठेवत म्हणाले. "दुसऱ्याने पहिल्याची आठवण मुद्दाम मोडली. आणि गव्हाणी गेली तर तुझ्या आईकडे त्यांचं उरलं काय? एक फोटो."

मला तेव्हा पहिल्यांदा काकांची कीव आली. पण मोटारसायकलही मनात होती. मी म्हणालो, "मी सोडवतो. पण मग राजदूतचं बघायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही कुंभारवाड्यात गेलो. मुरलीधर कुंभार अंगणात पणत्यांचा साचा धूत बसला होता.

"एक योसेफ हवाय," काका म्हणाले. "उद्यापर्यंत."

"कोन हे हे?"

"सुतार. दाढी आहे, अंगरखा आहे."

मुरलीधरने आत जाऊन एक ऋषी आणला. दाढी बरोबर होती. हातात कमंडलू होता. "ह्यो कमंडलू काढून करवत देतो. चालंल?"

"येशूच्या जन्माला करवत घेऊन कशाला येईल तो?" मी म्हणालो.

"मंग आता तिथं काय हे?"

"तलवार," काका खाली बघत म्हणाले.

मुरलीधरने आमच्याकडे बराच वेळ बघितलं. "साहेब, करवत बरी की मंग. पन उद्या नाय व्हायचं. कमंडलू काढला की हात नवा करावा लागंल, वाळाया चार दिस. वाळायची घाई केली तर मानूस तडकतो."

आम्ही हात हलवत परत आलो. वाटेत काका म्हणाले, "चार दिवस. आणि ती उद्या येतेय."

तेवीस तारखेला दुपारी आत्याला उतरवून घ्यायला मी स्टँडवर गेलो. आत्या पांढऱ्या साडीत, हातात वेताची टोपली, ताठ उभी होती. तिला घेऊन मी कंट्रोल रूममध्ये गेलो. काकांनी माइकवर हात ठेवून नमस्कार केला.

"या, मार्थाताई. प्रवास कसा झाला?"

"झाला. पत्ता तयार आहे?"

"कुठला?"

"उजागरे, घोटवडेकरांचा."

काकांनी कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे बघितलं. मी आत्याच्या पाठीमागून छातीवर हात दाबून कोसळायची खूण केली. काका म्हणाले, "ताई, तुम्हाला कसं सांगावं... घोटवडेकर..."

इतक्यात दार ढकलून पुण्याच्या गाडीचे ड्रायव्हर सय्यदभाऊ आत आले. त्यांच्या हातात सुतळीने बांधलेला बुटाचा खोका होता.

"उजागरेसाहेब, तुमचं पार्सल आलंय बघा पुण्याहून." त्यांनी खोक्यावरची अक्षरं मोठ्याने वाचली. "पाठवणार घोटवडेकर, कसबा पेठ."

काकांचा हात माइकवरून घसरला. "अरे बापरे! घोटवडेकर?" हे शब्द फलाट एक ते चार, उपाहारगृह आणि मुतारी, सगळीकडे दणाणले. बाहेर शेंगा सोलणारी माणसं सोलायची थांबली. एका म्हातारबुवांनी येऊन विचारलं, घोटवडेकरला जाणारी गाडी कुठे लागलीय.

आत्याने खोका काकांच्या हातून घेतला, सुतळी दातांनी तोडली आणि भुसा बाजूला सारला. आत योसेफ होता.

आमचाच योसेफ. तोच निळा अंगरखा, तीच एका बाजूने उडालेली पट्टी. मानेभोवती मात्र लाल लोकरीचा एवढासा मफलर गुंडाळलेला होता.

मी काकांकडे बघितलं. ते खुर्चीचा हात धरून बसले होते. भूत बघितलेला माणूस निदान ओरडू शकतो. त्यांना तेही शक्य नव्हतं, कारण ज्या माणसाच्या पार्सलची वाट बघतोय असं ते चौदा वर्षं सांगत आले होते, त्याचंच ते होतं.

"माझ्या भावाच्या योसेफाला मफलर नव्हता," आत्या म्हणाली.

"पुण्यात थंडी फार पडलीय, ताई," काका क्षीण आवाजात म्हणाले.

घरी आईने योसेफ हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "काम चांगलं करतात हो घोटवडेकर. वेळ लावतात, पण करतात." आणि ती करंज्या तळायला आत गेली.

त्या रात्री मी काकांना गाठलं. "काय केलंत? कोणाकडून करून घेतलात?"

"शमू, देवाशपथ, मी नाही केलं," काका कुजबुजले. "तू केलंस ना?"

"मी कुठून करणार?"

"कसब्यात खरंच कोणी घोटवडेकर असेल का रे?" काकांनी विचारलं. त्यांना ते खरं वाटायला लागलं होतं.

आत्याने गव्हाणीची तपासणी वॉर्डाची करावी तशी केली. योसेफ बरोबर जागी उभा होता. पण त्याच्यामागे, भिंतीला टेकून, मावळाही होता. काकांनी त्याला हलवलं नव्हतं.

"हा कोण?"

"पहारेकरी," काका म्हणाले.

"येशूच्या गव्हाणीला पहारेकरी? कुठल्या शास्त्रात आहे?"

"हेरोद राजा लहान मुलं मारत सुटला होता ना, ताई. कोणीतरी नको का?"

"आता योसेफ आलाय. काढा त्याला."

काका एरवी आत्यापुढे मान वर करत नसत. त्या दिवशी म्हणाले, "नाही काढणार. चौदा वर्षं त्याने ड्युटी केलीय."

"आणि हेरोद एकदाही फिरकला नाही," आई आतून म्हणाली. आत्याने दोघांकडे बघितलं आणि विषय सोडला.

नाताळ छान झाला. देवळातल्या उपासनेला आत्या आईच्या शेजारी बसली, हे नवल पाळकसाहेबांनीही टिपलं. संच घेऊन जायची भाषा तिने पुन्हा काढली नाही. मात्र सव्वीस तारखेला निघताना ती म्हणाली, "पुण्याला उतरते आणि घोटवडेकरांचे आभार मानते."

"ते नाताळच्या सुट्टीत गावी जातात," काका घाईघाईने म्हणाले.

"त्यांना कसली नाताळची सुट्टी?"

"इतकी वर्षं आपलं काम करतायत. सवय लागली त्यांना."

"मग पत्र लिहा. आत्ताच्या आत्ता. मी स्वतः पेटीत टाकते. एवढ्या मोठ्या कारागिराला साधे आभाराचे दोन शब्द नकोत?"

सुटका नव्हती. काका ओटीवर टेबलाशी बसले. दोन ओळी लिहून उठतील असं मला वाटलं होतं, पण ते तासभर लिहीत राहिले. मध्येच चष्मा पुसायचे आणि पुन्हा लिहायचे. आत्याने पाकीट तपासलं. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता, तो तिने स्वतःच्या हाताने घातला. मग ती पत्र टोपलीत टाकून मिरजेला गेली.

जानेवारीच्या पाच तारखेला ते पत्र परत आलं. काका ड्युटीवर होते. पोस्टमनने माझ्या हातात दिलं. पाकिटावर शेरा होता, या पत्त्यावर या नावाचे कोणी नाही. मला हसू फुटलं. आभाराच्या पत्रात काकांनी काय थापा मारल्या असतील, त्या राजदूतच्या कामी येतील, असा हिशेब करत मी पाकीट फोडलं.

ते पत्र माझ्याकडे अजून आहे. मी ते जसंच्या तसं देतो.

"श्री. घोटवडेकर यांस, सप्रेम नमस्कार. आपण नाही आहात हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण आपल्याला मीच केलं. तरीही योसेफ आपल्याकडून पोहोचला. कसा, ते कळत नाही, आणि कोणाला विचारायची सोय नाही. मार्थाताई डोक्यावर उभ्या आहेत म्हणून लिहितो. कागद भरायचाच आहे तर एक खरी गोष्ट लिहितो, कारण ती मी कोणालाच सांगितलेली नाही.

मी योसेफावर बसलो नव्हतो. शमू तेव्हा पाच वर्षांचा होता. गव्हाणी मांडताना मी त्याला एकेक चित्र दाखवत होतो. योसेफ त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, हा बाळाचा बाबा. मी नको ते बोललो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ओरडला, हा बाळाचा बाबा नाहीच! बाळ देवाचं, योसेफ नुसता सांभाळणारा, असंच रविवारच्या शाळेत शिकवलेलं असल्यामुळे मला चूकही म्हणता येईना. त्याने योसेफ फरशीवर आपटला. मग तो आपल्या वडिलांनी आणलेला होता हे त्याच्या लक्षात आलं आणि तो इतका रडला की त्याला श्वास घेता येईना. आईला सांगू नका, म्हणत होता. मी म्हटलं, तू काही केलंच नाहीस, मी बसलो रे त्याच्यावर. पाच-सहा वेळा म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला. लहान मुलांचं बरं असतं.

आता तो एकोणीस वर्षांचा आहे. योसेफावरून मला दमात घेतो, सायकल घेतो. घेऊ दे. दम तरी हक्काच्या माणसालाच देतात. काका म्हणतो, तेही बरंच आहे. आपण हे कृपया कोणाला सांगू नये. आपण सांगणार नाहीच म्हणा. चौदा वर्षांच्या करंज्या मी आणि त्याने खाल्ल्या. क्षमा असावी. आपला, न. उजागरे."

मी ओटीच्या पायरीवर बसलो. आठवायचा खूप प्रयत्न केला. मला नळीवर बसलेलं आठवत होतं, मावळा आठवत होता, आणि काकांचं ते वाक्य. फरशीवर आपटलेलं आठवेना. मग एकदम हाताच्या तळव्याला काहीतरी गुळगुळीत, गार लागल्यासारखं झालं, आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली. सायकलची वाटली, सिनेमाची वाटली, राजदूतची तर सर्वांत जास्त वाटली.

आई मागे केव्हा येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिने पत्र घेतलं, वाचलं, घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"ओटी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये तेव्हा दार नव्हतं, पडदा होता. सगळं बघितलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलू? तुला बोलले असते तर त्यांचं खोटं वाया गेलं असतं." ती माझ्या शेजारी पायरीवर टेकली. "लग्नाला आठ महिने झाले होते. हा माणूस कसा आहे, मला कळत नव्हतं. धड बोलायचे नाहीत. त्या दिवशी तुकडे रुमालात भरून राखेच्या डब्यात लपवताना बघितलं त्यांना, आणि कळलं. मला तुझे वडील गेल्यापासून पहिल्यांदा रात्री झोप लागली."

"आणि तुकडे?"

"राखेतून काढले आणि चिकटवले. मानेचा जोड दिसत होता, म्हणून मफलर विणला. घोटवडेकरांच्या नातवाच्या स्वेटरची लोकर उरली होती."

"आई, घोटवडेकरांना नातू नाही!"

"नाही कसा? स्वेटर दिलाय मी त्याला," आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आता मार्थावन्सं येणार म्हटल्यावर काढला बाहेर. सय्यदभाऊंच्या हातात दिला आणि सांगितलं, एक खेप पुण्याला नेऊन आणा."

"पुण्याला कशाला? ते इथल्या इथे देऊ शकले असते!"

"ते म्हणाले होते ना, पुण्याला पाठवलाय म्हणून. निदान तेवढं तरी खरं करावं म्हटलं."

त्या रात्री मी एक आंतर्देशीय पत्र घेतलं. डाव्या हाताने लिहिलं, म्हणजे अक्षर ओळखू येऊ नये. सकाळी सय्यदभाऊंना गाठलं. त्यांनी पत्ता वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमच्या घरात कोनी एकमेकांशी सरळ बोलतं का रे?" पण त्यांनी ते पुण्यातून टाकलं.

तीन दिवसांनी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. काकांनी पत्राच्या पाठीवरचं नाव बघितलं आणि त्यांचा घास हातातच राहिला. आमच्याकडे आलेलं पत्र काकांनी मोठ्याने वाचायची पद्धत होती. आई म्हणाली, "वाचा की. कोणाचं आहे?"

"घोटवडेकरांचं," काका म्हणाले. त्यांनी घसा खाकरला आणि स्टँडवरच्या आवाजात सुरुवात केली. "श्री. उजागरे यांस. आपलं पत्र वाचलं. योसेफाच्या मानेचा जोड पक्का आहे, काळजी नसावी. मावळ्याला काढू नये. दोघांनीही बाळ सांभाळलं आहे, आणि दोघंही त्याचे..."

आवाज थांबला. पुढचं ते मनात वाचायला लागले. ते काय होतं ते मला पाठ होतं.

"दोघंही त्याचे बाबाच. योसेफ तुमच्या मुलाने फोडला होता, हे आता त्याला कळलं आहे. तो तुम्हाला काका म्हणतो असं तुम्ही लिहिलंत. तेही काम सोबत दुरुस्त करून पाठवत आहे. वाळायची घाई केली तर तडकतं, म्हणून चौदा वर्षं लागली. क्षमस्व. ता. क. करंज्या तुम्ही खाल्ल्यात ते बरं केलंत. मला मधुमेह आहे."

काका पत्र घेऊन तसेच बसले. मी भाताचं पातेलं उचललं.

"भात वाढू का, बाबा?"

त्यांनी वर बघितलं नाही. नुसतं ताट पुढे सरकवलं. मी वाढला, जरा जास्तच वाढला गेला.

"काय म्हणतायत हो?" आईने विचारलं.

त्यांनी पत्राची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "काम झालं म्हणतात. सगळी दुरुस्ती झाली."

"म्हणजे आता त्यांना करंज्या पाठवायला नकोत?"

"पाठवायच्या तर," बाबा म्हणाले. त्यांनी भात कालवायला सुरुवात केली. आवाज गाडी लागायच्या सूचनेइतका स्थिर ठेवायचा प्रयत्न ते करत होते, पण तो मध्येच फाटला. "फक्त साखर जरा कमी घाल. मधुमेह झालाय बिचाऱ्यांना."